उपाशी तुकड्याची माती

“तिथंच थांबा! पाय उचलू नका!”

नोपोकोच्या ओरडण्याने शेळी तर पळालीच, पण शेळीमागे धावणारा तरुणही एका पायावर थबकला. वागाडुगूहून आलेली गाडी नुकतीच नाबतेंगाच्या वळणावर धूळ उडवून गेली होती. त्याच्या खांद्याला अजून पिशवी होती, भुवयांवर लाल धूळ होती. मातीच्या संशोधन केंद्रात पाऊल टाकल्या टाकल्या आपण एक चांगलं काम केलं, शेतात शिरलेली शेळी हाकलली, असं त्याला वाटत होतं.

“गेली शेळी,” तो हसून म्हणाला.

“शेळी गेली हो. पण जाताना काय देऊन गेली ते बघा.”

त्याने खाली पाहिलं. बुटांभोवती काळ्या लेंड्या विखुरल्या होत्या.

“मग? खतच ते. जमिनीला बरंच की.”

“या जमिनीला नाही.” नोपोको बांधाशी येऊन उभी राहिली. हातात माती काढायचं गिरमिट, डोक्याला निळा रुमाल, आणि चेहरा असा, की जणू कुणी तिच्या ताटात थुंकलं होतं. “वेचा. सगळ्या वेचा. त्या टोपीत घ्या.”

“माझ्या टोपीत?”

“मग काय माझ्या?”

तो बिचारा उकिडवा बसला आणि एकेक लेंडी वेचू लागला. नोपोको वरून बोट दाखवत होती. तिथे एक... ती ढेकळामागे... अहो, तुमच्या टाचेखाली.

“या तुकड्याला माझ्या जन्माच्या आधीपासून कुणी काही घातलेलं नाही,” ती म्हणाली. “शेण नाही, पोत्यातलं खत नाही, राखसुद्धा नाही. दरवर्षी ज्वारी पेरायची, कापायची, धाटंही उचलून न्यायची. आम्ही याला उपाशी तुकडा म्हणतो. हा उपाशी आहे म्हणून शेजारच्या तुकड्यांना काय मिळालं ते कळतं. तुमच्या शेळीने आज याचा उपास मोडला असता.”

“माझी शेळी नाही ती! मी कालपर्यंत वागाला होतो. मी नवा संशोधक आहे इथला. आनातोल टोए.”

“टोए?” नोपोकोच्या कपाळावरची आठी एकदम विरली. “म्हणजे तोमाकडचा? सामो?”

“सामो.”

“तरीच!” तिने कपाळावर हात मारला. “कुत्र्याचं डोकं खाणाऱ्यांना शेळीतलं काय कळणार! वेच रे गुलामा, वेच लवकर!”

आणि आनातोलही मान वर करून, मोकळं हसून म्हणाला, “गुलाम तुझे आजोबा होते, मोस्सी बाई. माझ्या आजोबांनी त्यांना विकत घेतलं आणि फार खातो म्हणून परत केलं.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे भांडण वाटेल. मोस्सी आणि सामो या दोन जमातींत आजेपणज्यांपासून चेष्टेचं नातं आहे. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं, ताटातला घास पळवायचा, वाटेल ते बोलायचं. आणि या नात्याचा एकच नियम – राग धरायचा नाही. कधीच नाही. शब्द कितीही लागला तरी हसायचं. नवखा माणूस अशा नात्यामुळे एका क्षणात घरचा होतो. आनातोलही झाला. “साहेब”, “अहो” सगळं त्या टोपीतल्या लेंड्यांबरोबर बांधाबाहेर गेलं.

फाटकाबाहेर टालातो आजी चवळीचे वडे तळत बसायची. तिने दुरून विचारलं, “काय गं, कुणाशी भांडतेस?”

“भांडत नाही आजी, सामो आलाय!”

“मग चालू दे,” म्हातारी म्हणाली आणि तिने वडा उलटला.

*

नोपोको केंद्रातली शेतसहायक होती. शेतीशाळेत शिकलेली. तिचे वडील, राओगो झोंगो, तिथे बैलजोडी चालवायचे. हे तुकडे पहिल्यांदा आखले तेव्हा पहिलं तास त्यांनीच धरलं होतं. त्यांचा एक दंडक होता, आणि तो मोठमोठ्या साहेबांनाही पाळावा लागे. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना बुटांचे तळ बांधावरच्या गवतावर पुसायचे. बाहेरची माती आत नको, आतली बाहेर नको. म्हातारा लांबूनच ओरडायचा, “तळवे पुसा रे!”

आनातोल ते शिकला. आधी कंटाळत, मग सवयीने, मग नोपोको बघत असली की जरा जास्तच – डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा...

“नाचतोयस का?” ती विचारायची.

“मोस्सींच्या जमिनीत शिरायचं म्हणजे पाय धुऊनच शिरलं पाहिजे. नाहीतर दंड मागाल.”

दोघं मिळून नमुने काढत. ती गिरमिट फिरवी, तो पिशवीचं तोंड धरी. वीतभर खोलीची माती वर आली की ती चिमूटभर हातावर चोळून बघायची. तो पिशवीकडे बघायचा सोडून तिच्या बोटांकडे बघायचा. मग माती पिशवीबाहेर सांडायची आणि शिव्यांचा नवा पाऊस पडायचा.

खरा पाऊस ऑगस्टमध्ये आला, तो पूर्वेकडून लाल भिंतीसारखी धूळ पुढे ढकलत. दोघं धावत कणसं वाळवायच्या छपराखाली गेले. पत्र्यावर असा मारा सुरू झाला की शेजारी उभं राहूनही ओरडून बोलावं लागत होतं. नोपोकोचा रुमाल भिजला होता. तिने तो काढून पिळला. आनातोलने पटकन दुसरीकडे पाहिलं... आणि मग पुन्हा इकडेच पाहिलं.

“काय बघतोस?”

“पोत्याचा तुकडा बघतोय,” तो म्हणाला. तो तुकडा नेमका विरुद्ध दिशेला होता.

ती हसू दाबत त्या दिशेला वळली. पावसाच्या पडद्यातून ज्वारीचे तुकडे ओळीने दिसत होते. उपाशी तुकड्यातली ज्वारी गुडघ्याएवढी. त्याच्या पलीकडे शेणाचा – त्याला दरसाल शेणही मिळे आणि पोत्यातलं खतही. तिथली ज्वारी काळीशार, माणसाला झाकून टाकील अशी. आणि मध्ये पोत्याचा. त्याला आजवर नुसतं कारखान्यातलं खत मिळालं होतं. तिथली ज्वारी पिवळी पडली होती. मधेमधे तर मोकळे चट्टे होते.

“मी लहान होते ना,” नोपोको म्हणाली, “तेव्हा हाच तुकडा सगळ्यांत उंच असायचा. शेणाच्याही वर. लोक लांबून बघायला यायचे. बाबांनी मला खांद्यावर घेतलं तरी माझा हात कणसाला पोचायचा नाही.”

“पहिली वर्षं तसंच होतं. पोत्यातलं खत पिकाला लगेच पोचतं. पण नुसतं तेच घालत राहिलं की माती आंबट होत जाते. तिचा सामू उतरतो. उतरता उतरता एक वेळ अशी येते, की मातीतलंच विष सुटं होतं आणि मुळं जळतात. मग कितीही पोती ओता.”

“आणि शेण ते सांभाळून घेतं.”

“शेण सांभाळून घेतं. सावकाश. पहिल्या वर्षी तर कुणाच्या लक्षातही येत नाही.”

नोपोकोने पिळलेला रुमाल पुन्हा बांधला. मग म्हणाली, “म्हणजे पोत्यातलं खत म्हणजे नुसती तारीफ. आणि शेण म्हणजे रोज शेजारी येऊन बसणं.”

आनातोलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पाऊस जरा कमी झाला होता. आता ओरडायची गरज नव्हती, तरी तो जवळच उभा राहिला.

“मग नोपोको... मी तुला आजवर काय घातलंय?”

खरं म्हणजे तो प्रश्न अगदी हळू विचारलेला होता. त्यात चेष्टा नव्हती. तिच्या कानाची पाळी गरम झाली. उत्तर ओठांवर आलंही... आणि तिथे पोचता पोचता त्याचं दुसरंच काही झालं.

“शिव्या!” ती म्हणाली. “त्याही शिळ्या. तुझ्या आजोबांच्या.”

तो हसला. नियमच होता तो.

*

कापणी झाली. थंडीचे धुळकट दिवस आले आणि राओगो झोंगो वारले.

अंगणात सगळं गाव जमलं. बायका रडत होत्या. नोपोकोला मात्र रडू येत नव्हतं. आईजवळ बसून ती जमिनीकडे एकटक बघत होती. चटईत गुंडाळलेल्या वडिलांना खांद्यावर घेऊन माणसं दाराशी आली, आणि दारात कुणीतरी आडवं पडलेलं होतं.

आनातोल. म्हाताऱ्याची फाटकी टोपी डोक्यावर, हातात बैलांचा आसूड.

“कुठे नेता माझ्या गुलामाला?” तो गरजला. “मला न विचारता निघाला कुठे हा? अजून नांगरट राहिलीय!”

हे सामोंचं कामच असतं. मोस्सीच्या घरी मरण आलं की त्यांनी यायचं, मेलेल्या माणसाची नक्कल करायची, वाट अडवायची, रडणाऱ्यांना हसवून सोडायचं. वाट सोडावी म्हणून नोपोकोच्या काकांनी त्याला कोंबडं देऊ केलं. तो म्हणाला, फार बारीक आहे. एक परडी शेंगदाणे दिले, तो म्हणाला, खवट आहेत. शेवटी तो उठला, राओगोंसारखा किंचित लंगडत अंगणभर फिरला आणि चटई उचललेल्या माणसांच्या पायांकडे बघून अगदी हुबेहूब त्या आवाजात ओरडला –

“तळवे पुसा रे! बाहेरची माती आत नको!”

अंगण हसलं. नोपोकोही हसली. हसता हसता ती ढसाढसा रडली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून, कितीतरी वेळ. वर पाहिलं तेव्हा आनातोल कोपऱ्यातल्या माठाशी पाठमोरा उभा होता. टोपी काढलेली. खांदे हलत होते.

त्या दिवशी नोपोकोला कळलं की आपलं काय झालंय. कळलं, पण ती ते कुणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रात त्याला बघून ती म्हणाली, “काल अंगणात किती शेंगदाणे खाल्लेस रे? आई टोपली शोधतेय.” आणि तो म्हणाला, “तुझ्या बाबांच्या वाटणीचेही मीच खाल्ले. ते नको म्हणाले.”

पुढच्या पावसाळ्यात दोघांनी पेरणी केली, खुरपणी केली, नमुने काढले. पोत्याच्या तुकड्याचा एक कोपरा आनातोलने मागून घेतला आणि तिथे चुना व शेण घालून बघायचं ठरवलं. बिघडलेली माती परत येते का, आणि यायला किती वेळ घेते, हे त्याला बघायचं होतं. नोपोको घमेलं घेऊन शेण टाकायची. तो दाताळ्याने पसरायचा.

“येईल का रे परत?”

“येईल. पण जेवढ्या दिवसांत बिघडली, त्याहून जास्त दिवस घेईल.”

“तोवर तू इथे असशील?”

“तू हाकललं नाहीस तर.”

नोपोकोने घमेलं जोरात उपडं केलं. “शेळ्या हाकलते मी. सामो कशाला हाकलू? फुकटचा गुलाम.”

*

ऑक्टोबरमध्ये वागाहून निरोप आला. आनातोलला पुढच्या शिक्षणासाठी फ्रान्सला जायचं होतं. एरवी वर्षभर आधी कळतं, पण कुणीतरी जागा सोडली होती आणि आठवडा संपायच्या आत निघायचं होतं.

तो धावत टालातो आजीकडे गेला. म्हातारीला त्याच्या मनातलं सगळं आधीच ठाऊक होतं. वडे तळणाऱ्या बाईला गावातलं काय ठाऊक नसतं? कापणीनंतर त्याच्या वतीने कोला घेऊन नोपोकोच्या काकांकडे जायचं तिने कबूल केलं होतं. कोलाच्या बिया कडू-तुरट असतात. आपल्याकडे सुपारीला असतो तसा त्यांना मान. मुलीच्या घरच्यांनी त्या घेतल्या, खाल्ल्या, की बोलणं पुढे जातं.

“आजी, आजच जा.”

“आज कशी जाऊ? ज्वारी उभी आहे. काका शेतावर, मोठा काका याकोला गेलाय. मागणी घालायची तर सगळे घरी लागतात बाबा. आधी एकदा सहज जायचं, मग कोला घेऊन जायचं, मग पुन्हा जायचं. शेण एका दिवसात मुरतं का?”

“माझ्याकडे दिवसच नाहीत. मी स्वतः जातो.”

आजीने झारा बाजूला ठेवला. “वेड लागलंय का तुला? नवरदेव स्वतः जातो का कधी? आणि तू तर सामो! तुझं तिथे कोण खरं मानेल?”

“नोपोको मानेल,” आनातोल म्हणाला. “तिने मानलं की झालं.”

परवाच्या बाजारातून त्याने कोला आणल्या होत्या. पांढऱ्या, एकसारख्या, हाताने निवडलेल्या. ओल्या हिरव्या पानांत गुंडाळून, दोरीने बांधून, धुतलेला अंगरखा घालून तो संध्याकाळी झोंगोंच्या अंगणात जाऊन उभा राहिला. ऊन अजून भिंतींवर होतं. बायका ज्वारीचा घाटा ढवळत होत्या. धाकटे काका चटईवर शेजाऱ्यांबरोबर बसले होते.

आनातोलने चपला काढल्या. गुडघ्यावर बसला आणि ते पुडकं दोन्ही हातांनी पुढे केलं.

“काका, मी तुमची नोपोको मागायला आलोय.”

अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. मग काकांच्या गालाला खळी पडली.

“ऐकलंत का? सामो मागणी घालायला आलाय! तोही एकटाच!”

मग काय! अशी चेष्टा नाबतेंगाने आजवर पाहिली नव्हती. कुणी म्हणालं, कुत्र्याचं डोकं आणलंस का बरोबर? कुणी म्हणालं, पोरीला तोमाला नेऊन उंदीर पकडायला लावणार हा. एक काकू घाट्याचा डाव घेऊन त्याच्याभोवती नाचली. काकांनी गोठ्यातून वाळलेली शेणी मागवली आणि मोठ्या मानाने त्याच्या हातात ठेवली. “ही घे नवरी! शेणाचं मोल तुलाच कळतं ना?”

हशा उसळला. आनातोलने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती नोपोकोवर थांबली.

ती चुलीपाशी उभी होती. तिने ती ओली पानं पाहिली होती. चेष्टेच्या कोला कुणी ओल्या पानांत गुंडाळत नाही. कोपऱ्यातल्या वाळक्या, किडक्या उचलून आणतात. तिने त्याचा धुतलेला अंगरखा पाहिला होता. तिला ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता. “काका, हा खरं बोलतोय.” एवढंच.

पण सगळं अंगण हसत होतं. वडील गेल्यापासून आई पहिल्यांदाच पोट धरून हसत होती. आणि नोपोकोला वाटलं, उद्या आहे ना... उद्या बांधावर तो नीट विचारील, एकट्याने एकटीला, आणि मी नीट उत्तर देईन. इतक्या लोकांत कसं बोलायचं? तो निघणार असल्याचं तर तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

“शेणी नीट धर रे,” ती म्हणाली. “मोडली तर दुसरी नवरी नाही मिळायची.”

आनातोल हसला. सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढंच. तो उठला, शेणी छातीशी धरून त्याने लवून नमस्कार केला आणि हशाच्या लाटेवरून अंगणाबाहेर गेला. राग धरायचा नाही. दुखलं म्हणून दाखवायचंही नाही. या नात्यात त्याला जागाच नव्हती.

काकांनी कोलाचं पुडकं चटईवर उधळलं. माणसं चेष्टेचा खाऊ म्हणून त्या चावत बसली. एक बी घरंगळत चुलीपर्यंत आली. नोपोकोने ती पायाखाली दाबून धरली. नंतर उचलली, आणि भिंतीआड जाऊन खाल्ली. सगळी. आधी कडू लागली. मग पाणी प्यायल्यावर जिभेवर गोडवा आला, कोलाचा येतो तसा.

*

सकाळी तो उपाशी तुकड्याच्या बांधावर होता. खांद्याला तीच पिशवी.

“कुठे निघालास?” तिने विचारलं.

“फ्रान्सला. दहाच्या गाडीने वागा, आणि परवा पुढे.”

नोपोकोच्या हातातलं गिरमिट जमिनीला टेकलं. “किती दिवस?”

“चार वर्षं. जास्तही लागतील.”

वाऱ्याने ज्वारीची पानं एकमेकांवर घासली. आता विचार, ती मनात म्हणत होती. आता विचार ना रे. पण काल ज्याने सगळ्या गावासमोर गुडघे टेकले होते, त्याने आज पुन्हा का विचारावं? आता बोलायची पाळी कुणाची होती, हे नोपोकोला फार उशिरा कळलं.

“माझ्या कोपऱ्यातलं शेण चुकवू नकोस,” तो म्हणाला. “दरसाल घालत जा.”

“तुझा कोपरा?” तिने गिरमिट उचललं. “मोस्सींची जमीन आहे ती.”

“बरं, तुमची.”

तो शेवटचं बघायला म्हणून उपाशी तुकड्यात उतरला. आत जाताना तळवे पुसले. मधोमध जाऊन एक खुरटं कणीस बोटांत धरून सोडलं. मग पलीकडच्या बांधाने बाहेर पडला आणि तसाच फाटकाकडे चालू लागला. नोपोकोच्या लक्षात आलं, बाहेर पडताना त्याने बूट पुसले नाहीत. पावसाने ओली झालेली लाल माती तळांना जाड चिकटली होती.

“तळवे पुस!” असं ओरडायला तिने तोंड उघडलं... आणि मिटलं. ओरडली असती तर तो थांबला असता. थांबला असता तर कदाचित... पण गाडीचा भोंगा वाजला.

फाटकाशी टालातो आजीने त्याच्या हातात वड्यांचं पुडकं ठेवलं.

*

चार वर्षांची सात झाली. नोपोकोचं लग्न ठरता ठरता राहिलं, एकदा नाही, दोनदा. मग लोकांनी विचारायचं सोडलं. ती आता केंद्रातल्या सगळ्या तुकड्यांची प्रमुख होती. वडिलांसारखी लांबूनच ओरडायची. पोत्याच्या तुकड्यातल्या त्या कोपऱ्यात दरसाल शेण पडत होतं. पहिली वर्षं काहीच दिसलं नाही. मग एका पावसाळ्यात तिथली ज्वारी हिरवी राहिली.

आनातोल आला तो विद्यार्थ्यांची गाडी घेऊन. कानांजवळ केस पांढरे, डोळ्यांना चष्मा, बोटात अंगठी. त्याच्या बायकोचा फोटो त्याने टालातो आजीला दाखवला, मुलीचाही. आजीने तो फडक्याला हात पुसून घेतला, नीट पाहिला. “सुखी राहा,” म्हणाली. तसं ती मनापासूनच म्हणाली.

दुपारी विद्यार्थी त्या हिरव्या कोपऱ्यात मोजमाप करत होते. नोपोको आणि आनातोल उपाशी तुकड्याच्या बांधावर उभे होते. ज्वारी अजूनही गुडघ्याएवढीच होती. कणसं लहान, पण होती.

“परत आली की माती,” तो कोपऱ्याकडे बघत म्हणाला.

“आली. तू म्हणालास तेवढा वेळ घेतला.”

“तू शेण चुकवलं नाहीस.”

“नाही.”

नोपोकोला वाटलं, इतकी वर्षं हसून काढली, आज एक वाक्य न हसता बोलायचंच. ती त्याच्याकडे वळली.

“आनातोल, त्या दिवशी तू आणलेल्या कोलातली एक मी खाल्ली होती. भिंतीआड. सगळी खाल्ली.”

त्याला आधी कळेना, मग कळलं. चष्मा काढून तो सदऱ्याला पुसू लागला. बराच वेळ पुसत राहिला. पलीकडे एक विद्यार्थिनी काहीतरी विचारायला येत होती. आनातोलने चष्मा चढवला, घसा साफ केला, आणि त्याच्या ओठांवर ते जुनं हसू आलं. सावकाश, ओझं उचलावं तसं.

“चोरटी मोस्सी,” तो म्हणाला. “घरच्यांनी न स्वीकारलेली कोला चोरून खाल्लीस. दंड भरावा लागेल.”

नोपोकोने श्वास सोडला. तिचं बोलणं त्याने पुन्हा चेष्टेवर नेलं होतं, पण हळूच, तिला न दुखवता. त्या दिवशी अंगणात तिने त्याला तसं सांभाळलं नव्हतं. त्यासाठी तिला त्याचे आभार मानावेसे वाटले, आणि रडावंसंही वाटलं.

“आणि तू?” ती म्हणाली. “इथून जाताना बूट पुसले नव्हतेस. मी बघितलं.”

“विसरलो नव्हतो.” त्याने खाली, लाल जमिनीकडे पाहिलं. “मुद्दाम नाही पुसले. फ्रान्समध्ये खोलीवर गेल्यावर ती माती खरवडून डबीत ठेवली. कितीतरी वर्षं होती.”

“मग तूही चोर.”

“मीही चोर.”

विद्यार्थिनी बांधाशी पोचली आणि गोंधळून थांबली. आपले गुरुजी आणि इथल्या प्रमुख बाई एकमेकांना चोर म्हणत होते आणि दोघांच्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते.

“काय झालं, आजी?” तिने जवळच वडे घेऊन आलेल्या टालातोला हळूच विचारलं. “भांडण झालं का?”

“छे गं,” म्हातारी दुसरीकडे बघत म्हणाली. “मोस्सी आणि सामो आहेत ते. चेष्टा चाललीय.”

गाडी निघायच्या आधी आनातोल एकदा उपाशी तुकड्यात उतरला. बाहेर आला तेव्हा बांधावरच्या गवतावर त्याने बूट पुसले. डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा... या वेळी तो नाचत नव्हता. तळ उलटे करून त्याने पाहिलं, बोटाने एक कण उडवला आणि तो आतच पडला याची खात्री केली.

मग नोपोकोकडे बघून मान हलवली आणि स्वच्छ पायांनी गाडीकडे गेला.